चढावरची गोल्फ कार्ट: शिशाच्या बॅटऱ्या काढून एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक बसवतानाच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

केर्लीच्या पुढे, जोतिबाच्या डोंगराकडे एक कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथली सहा जणांची गोल्फ कार्ट बघून आलो. गेट आणि पार्किंग खाली. गुऱ्हाळ, जेवणाचा मंडप आणि झोपाळे वर. मधला पेव्हर ब्लॉकचा रस्ता तीनशे मीटर, आणि आर्किटेक्टच्या नकाशाप्रमाणे खालचं गेट ते वरची शेड यात २४ मीटर उंचीचा फरक. म्हणजे सरासरी ८ टक्के चढ. पण चिंचेजवळच्या वळणावर मोबाईलच्या कोनमापकाने मोजलं तर १२ टक्के भरला. सगळं दुखणं त्या वळणावर आहे.

केंद्राच्या मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "सकाळी चांगली पळती ओ, पण दुपारी जेवणाला पावणं आलं की वळणावर बसती. म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवून ढकलाय लागतंय."

गुडघे दुखणाऱ्या माणसांना वर नेण्यासाठीच ही गाडी घेतली, आणि नेमकं त्यांनाच अर्ध्या चढावर उतरावं लागतं. हे काम मनापासून करायचं ठरवूनच परत आलो.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस मोजमापात गेला. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून ४८ व्होल्ट, प्रत्येकी १७० अँपिअर-अवर. एकेकीचं वजन २८ किलोच्या वर, म्हणजे सीटखाली जवळपास १७० किलो शिसं आणि ॲसिड.

रात्रभर चार्ज करून सकाळी मोजल्यावर एकूण व्होल्टेज ५० च्या पुढे दिसलं. एवढ्यावर थांबलं तर बॅटऱ्या ठीक वाटतील. मग सहा माणसं बसवली, वळणावर मीटर लावून बसलो. व्होल्टेज ३९ च्या खाली आलं आणि मोटरला करंट देणाऱ्या कंट्रोलरने हात वर केले. त्याच लोडवर एकेक बॅटरी तपासली. चार बॅटऱ्या सातच्या आसपास टिकून होत्या, मधल्या दोन सहाच्याही खाली. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनेही तेच सांगितलं. चौघींची घनता १.२५० च्या जवळ, या दोघींची १.१५०.

या दोनच का गेल्या, याचं उत्तर वायरिंगमध्ये सापडलं. आधी कुणीतरी दिवे, हॉर्न आणि गाण्याच्या सिस्टीमसाठी नेमक्या याच दोन बॅटऱ्यांवरून १६ व्होल्ट काढून रेग्युलेटरला दिले होते. चार्जरला फक्त सहा जणींची बेरीज दिसते. ज्या दोघी रोज जास्त रिकाम्या होतात त्या कधीच पुऱ्या भरत नाहीत, आणि उरलेल्या चौघी रोज थोड्या जास्त शिजतात. अर्धवट भरलेली राहिली की शिशाच्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट कडक होत जातं, ते पुन्हा विरघळत नाही. ४८ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्ट हवे असतील तर पूर्ण पॅकवरून कन्व्हर्टर लावावा. मधूनच टॅप काढायचा नाही. इतर गाड्यांतही मला हा प्रकार वारंवार दिसतो.

१४ फेब्रुवारी

आबांचा प्रश्न रास्त होता: दोनच बदलल्या तर? नाही, चालणार नाही. जुन्या चारमध्ये नव्या दोन घातल्या तर सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून सारखाच जातो, पण जुन्या लवकर दमतात आणि नव्यांना स्वतःबरोबर खाली ओढतात.

सहाही नव्या शिशाच्या घ्यायच्या, हा मात्र खरा पर्याय आहे. गाडी सपाटीवर असती आणि दिवसाला चार फेऱ्या मारत असती, तर मी तोच सुचवला असता. शिसं स्वस्त पडतं, चार्जर तोच चालतो, दुरुस्ती गावात कुणीही करतं. इथे हिशेब वेगळा बसतो.

भरलेली गाडी ८५० किलो धरली. १२ टक्के चढावर नुसतं गुरुत्व १००० न्यूटन मागे ओढतं, टायरचा विरोध १६०-१७० न्यूटन. ताशी १० किलोमीटर वेगाने चढायला चाकाशी सव्वातीन किलोवॉट लागतात. मोटर, कंट्रोलर आणि गिअर मिळून ७५ टक्के कार्यक्षमता धरली, तर बॅटरीतून ४.३ किलोवॉटच्या वर, म्हणजे ८५-९० अँपिअर. वळणावर थांबून पुन्हा उचलायची झाली तर क्षणभर २०० च्याही वर. शिशाच्या बॅटरीची १७० ही क्षमता वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळते. ९० अँपिअरने ओढलं की ती निम्म्याच्या आसपास येते, शिवाय आयुष्य टिकवायचं तर निम्म्याखाली उतरवायची नाही. १७० मधले हाताला किती लागतात ते आबांच्या समोरच कागदावर मांडलं.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल, ३.२ व्होल्टचा. सोळा सिरीजमध्ये घेतले की ५१.२. पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त ५८.४. जुना चार्जर शिशाच्या बॅटऱ्यांना याहून जास्त व्होल्टेज देत होता, म्हणजे कंट्रोलरला हे परकं नाही. काही जण पंधरा सेल घेतात, पण चढावर व्होल्टेज कमी म्हणजे वेग कमी, म्हणून सोळाच. १०५ अँपिअर-अवरचे सेल घेतले तर ५.४ किलोवॉट-अवर होतात आणि त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात.

आबांनी होकार दिला. "एकदाच करा, पण नीट करा," एवढंच म्हणाले.

१६ फेब्रुवारी

होकार मिळाला, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती आधी सोडवायची, मगच सामान आणायचं.

चार्जिंगची शेड वर आहे. रात्रभर गाडी वर भरते आणि सकाळची पहिली फेरी उतारावरून खाली. मोटर सेप-एक्स आहे, म्हणजे फील्ड आणि आर्मेचरला कंट्रोलर वेगवेगळा करंट देतो. उतारावर गाडी ठरलेल्या वेगापुढे गेली की मोटर जनरेटर होते, गाडी आवरते आणि करंट उलटा बॅटरीत जातो. शिशाची बॅटरी भरलेली असली तरी हा करंट गिळते. थोडं पाणी उकळतं, थोडा गॅस होतो, पण ब्रेकिंग चालू राहतं.

एलएफपीच्या पॅकमध्ये बीएमएस असतो, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट. एकही सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला की तो आत येणारा करंट तोडतो. सेल वाचवणं हे त्याचं कामच आहे. पण करंटला जायला जागा उरली नाही की कंट्रोलरच्या कपॅसिटरवर व्होल्टेज चढतं, कंट्रोलर ओव्हरव्होल्टेजवर बंद पडतो आणि मोटरचं आवरणं एकदम सुटतं. सहा माणसं, १२ टक्के उतार, पाय पॅडलवरून काढलेला आणि गाडी अचानक मोकळी. ब्रेक पॅडल असतं, पण ड्रायव्हरला दोन सेकंद कळतच नाही काय झालं.

उताराची ऊर्जाही मोजून पाहिली. ८५० किलो गुणिले २४ मीटर, म्हणजे साधारण ५५ वॉट-अवर. त्यातले काही टायर खातात, काही मोटर खाते. बॅटरीत परत येतात वीस-पंचवीस, अर्ध्या अँपिअर-अवरपेक्षाही कमी. म्हणजे साठवायला जागा फारशी लागतच नाही. अडचण फक्त पॅक काठोकाठ भरलेला असण्याची आहे. पाच टक्के रिकामं ठेवलं तरी अशा दहा उतारांची सोय होते.

म्हणून ठरवलं: पॅक रोज १०० टक्के भरायचा नाही. सेलमागे ३.४५ व्होल्ट, एकूण ५५.२ वर चार्जर थांबणार आणि पुढे धरून ठेवणार नाही. त्याने पॅक साधारण ९५ टक्क्यांवर थांबतो. चार्जर घेताना व्होल्टेज बदलता येणारा आणि २० अँपिअरचाच घ्यायचा.

२५ फेब्रुवारी

सेल आले. सगळे ३.२९ ते ३.३० व्होल्टमध्ये. यावर खूश होण्यात अर्थ नाही. एलएफपीची व्होल्टेजची रेषा मधल्या भागात इतकी सपाट असते, की ४० टक्के आणि ६० टक्के भरलेले दोन सेल मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. चार वायरच्या मीटरने अंतर्गत रोध मोजला. एकमेकांच्या जवळ आहेत, सगळे अर्ध्या मिलिओहमच्या आत. एकही सेल फुगलेला नाही. प्रत्येकावर मार्करने नंबर टाकून वहीत लिहून ठेवलं.

२ मार्च

शिवाजी उद्यमनगरात पेटीचं काम. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा आहे. सकाळी चित्र काढून दिलं, दुपारी पत्रा कापून वाकवून मिळाला, वेल्डिंग शेजारच्याच गल्लीत, पावडर कोटिंग त्याच्या पुढच्या गल्लीत. वेल्डर मामांना सांगितलं की पेटीत जुन्या बॅटऱ्यांइतकं वजन बसणार नाही, पण हादरे रोजचे आहेत. त्यांनी कोपऱ्यांना आतून अँगल दिले आणि तळाला दोन आडवे पाटे. मी हे मागितलं नव्हतं, त्यांनाच सुचलं.

सेलचं आवरण ॲल्युमिनियमचं, वर पातळ निळी फिल्म. हादऱ्यांनी फिल्म घासून फाटली आणि दोन शेजाऱ्यांची आवरणं टेकली तर शॉर्ट. म्हणून प्रत्येक दोन सेलमध्ये ग्लास इपॉक्सीची शीट आणि पेटीच्या तळाला, चारही बाजूंना तीच. दोन टोकांना जाड प्लेट आणि त्यांतून चार आटेदार रॉड, सेल हलणार नाहीत इतपतच ताणलेले.

९ मार्च

टॉप बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल वरच्या टोकाला सारखे भरणं. याला वेळ लागतो आणि घाई चालत नाही. सोळाही सेल पहिल्यापासून पॅरलल जोडून ३० अँपिअरच्या पॉवर सप्लायने भरायला बसलो असतो तर १६८० अँपिअर-अवरची टाकी झाली असती. म्हणून आधी सिरीजमध्ये जोडून, बीएमएस लावून, चार्जरने पहिला सेल ३.५५ ला पोचेपर्यंत भरलं. मग सुटे करून सगळे पॅरलल, आणि सप्लाय ३.६० वर लावला. व्होल्टेज सप्लायच्या तारा मोकळ्या असतानाच लावून घ्यायचं आणि मगच सेलला जोडायचं. शेवटी करंट उतरत उतरत एका अँपिअरच्या आसपास आला, तेव्हा काढलं.

आता सगळ्यांची वरची पातळी एक. बीएमएसचा बॅलन्सर फार छोट्या करंटचा असतो. तो नंतरचा बारीक फरक सांभाळेल, सुरुवातीचा मोठा फरक त्याच्याने निघत नाही. जे पॅक महिन्याभरात "लिथियम बेकार" म्हणून परत येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हीच पायरी गाळलेली असते.

१६ मार्च

वायरिंग. कंट्रोलरची कमाल मर्यादा ३०० अँपिअर, म्हणून बीएमएस २०० अँपिअर सततचा आणि थोड्या सेकंदांसाठी ३५० सोसणारा घेतला. बीएमएस कंट्रोलरपेक्षा दुबळा असला तर चढावर गाडी उचलताना तोच तोडणार, आणि मग वळण होतं तिथंच राहिलं.

फ्यूजवर मी कधीच तडजोड करत नाही. या सेलचा रोध इतका कमी, की शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर निघतात. एसीच्या पॅनेलमधला हाताशी असलेला फ्यूज इथे चालत नाही. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही, ठिणगी जळतच राहते. त्यामुळे डीसी रेटिंग छापलेला, क्लास टी प्रकारचा २५० अँपिअरचा फ्यूज, पॅकच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर. केबल ५० चौरस मिलिमीटरची, तिच्या टोकांचे लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले. बसबारचे, म्हणजे सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचे, नट टॉर्क रेंचने ४ न्यूटन-मीटरवर आवळले आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढली, म्हणजे ढिला झाला तर नुसतं बघून कळेल.

सोलेनॉइडला, म्हणजे चावीने चालणाऱ्या मोठ्या स्विचला, समांतर असलेला प्रीचार्ज रोध तपासला. तो तुटलेला असेल तर प्रत्येक वेळी चावी फिरवल्यावर कपॅसिटर एका झटक्यात भरतात. त्यात सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि बीएमएसही शॉर्ट समजून तोडू शकतो. इथे तो शाबूत निघाला. दिवे आणि हॉर्नला ४८ ते १२ व्होल्टचा स्वतंत्र कन्व्हर्टर. जुना व्होल्टेजवर चालणारा काटा काढून टाकला, कारण एलएफपीत तो शेवटपर्यंत भरलेलंच दाखवत बसेल. ९० टक्क्यांवर पॅक ५३ च्या पुढे असतो आणि ४० टक्क्यांवर साडेबावन्न. त्याऐवजी शंट (करंट मोजायचा छोटा रोध) आणि आतबाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर बसवला.

बीएमएसच्या इशाऱ्यावर एक बझर जोडला. बीएमएसने करंट तोडण्याआधी ड्रायव्हरला आवाज आला पाहिजे.

२३ मार्च

उताराची चाचणी. मुद्दाम पॅक ३.५५ पर्यंत पूर्ण भरला. गाडीत मी आणि केंद्रावरचा ड्रायव्हर, दोघंच, वेग चालण्याइतका, ड्रायव्हरचा हात हँडब्रेकवर, माझ्या हातात मोबाईलवर बीएमएसचे आकडे. वळणाच्या आधीच सर्वात वरचा सेल ३.६० ओलांडून गेला आणि बझर वाजला. तिथेच गाडी थांबवली. माणसं भरलेली असती तर बीएमएसने करंट तोडलाच असता.

मग पॅक ९५ टक्क्यांवर आणून सहा माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती घातली आणि तोच उतार उतरलो. करंट २५-३० अँपिअर आत येत होता, पॅडल झटकन सोडलं की क्षणभर जास्त. एकही सेल ३.४५ च्या वर गेला नाही. गाडी शेवटपर्यंत आवरलेली. कागदावरचा हिशेब रस्त्यावर बरोबर निघाला, आणि आता माणसं बसवायला मन तयार आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

आबांनी आजच गाडी सुरू करायचा आग्रह धरला होता. नवा पॅक पेटीसकट ४५ किलोच्या आत, म्हणजे मागच्या बाजूने १२५ किलो उतरले. चढावर फरक लगेच कळतो. वळणावर व्होल्टेज दीड-दोन व्होल्टपेक्षा जास्त पडत नाही, गाडीचा वेगही मोडत नाही.

पण वजन उतरल्याचं दुसरं अंगही आहे. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, ड्रमचे. मागे वजन कमी झालं की ओल्या पेव्हरवर, एकटा ड्रायव्हर असताना, चाकं लवकर लॉक होणार. म्हणून पेटी जुन्या जागेच्या मध्यावर न ठेवता मागच्या ॲक्सलच्या जितकी जवळ आणि जितकी खाली नेता आली तितकी नेली. ब्रेकचे लायनर नवे घातले, हँडब्रेकची केबल पुन्हा ताणली. "बॅटरीच्या कामात ब्रेक कशाला?" असं आबांच्या मुलाने विचारलं. त्याला ड्रम उघडून दाखवला, लायनर रिव्हेटपर्यंत आले होते.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची चैत्र यात्रा. रस्त्यावर सासनकाठ्या, गुलाल, आणि केंद्रावर येणाऱ्यांची रीघ. दिवसभर थांबलो, मीटर वाचत राहिलो. भरलेली गाडी एकदा चढायला पावणेदोन ते दोन अँपिअर-अवर खाते, उतरताना थोडं परत देते. म्हणजे ८० अँपिअर-अवरमध्ये चाळीसेक भरलेल्या फेऱ्या. संध्याकाळी मीटरवर ३८ टक्के शिल्लक होते. एकाही माणसाला वळणावर उतरावं लागलं नाही.

१९ एप्रिल

जुन्या सहा बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे गेल्या. भंगारवाला दारात येऊन रोख देत होता, पण उघड्यावर शिसं वितळवणारे लोक कुठल्या ओढ्यात ॲसिड ओततात ते मी पाहिलं आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या योग्य ठिकाणी जाणं हे आपलंही काम आहे. पावती आबांच्या फाइलला लावली.

२६ मे

या वर्षी मान्सून मे महिन्यातच आला. कोल्हापुरात संततधार. झाकण उघडून पेटी तपासली. केबल आत येतात त्या ग्लँडमधून पाणी नाही, पण झाकणाच्या आतल्या बाजूला दव दिसलं. दिवसा गाडी तापते, रात्री गार होते, आतली दमट हवा तिथेच राहते. तळाला, रस्त्याचं पाणी उडणार नाही अशा बाजूला, हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा ब्रीदर बसवला. बीएमएसच्या बोर्डवर आधीच वार्निश होतं, सेलचं व्होल्टेज वाचणाऱ्या सेन्स वायरच्या टोकांना वेगळं लावलं.

ओल्या उतारावर रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात दाबून पाहिला. चाकं थोडी घसरतात. पावसाळ्यात एकट्या ड्रायव्हरने वळणाआधीच वेग कमी करायचा, हे त्याला सांगितलं आणि त्याच्याकडून करूनही घेतलं.

१४ जून

गाडी पूर्णपणे आबांच्या ताब्यात दिली. शेडच्या भिंतीवर मराठीत पत्रक लावलं. रोज चार्जर ५५.२ वरच. महिन्यातून एकदा, सोमवारी केंद्र बंद असतं तेव्हा, ५६.८ पर्यंत भरून बॅलन्सरला दोन-तीन तास द्यायचे, आणि त्यानंतर गाडी उतारावर काढण्याआधी वरच्या सपाट अंगणात फिरवून पॅक ९५ च्या खाली आणायचा. मीटर २० टक्के दाखवू लागला की फेऱ्या बंद. बझर वाजला की गाडी थांबवून फोन करायचा, चावी बंद-चालू करत बसायचं नाही.

आबांना खालच्या गेटजवळ चार्जिंगची जागा करायची आहे. वीज तिथपर्यंत आहे, फक्त छप्पर हवं. तसं झालं तर दिवसाची पहिली फेरी चढाची होईल आणि भरलेल्या पॅकने उतरण्याचा प्रश्नच मिटेल. मी त्यांना पाऊस उघडल्यावर लगेच ते करा म्हणून सांगितलंय. तेव्हाच बसबारवरच्या रंगाच्या रेघा आणि लायनर पुन्हा तपासायचे आहेत.